न धुतलेली फिल्म

१८०२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नियतकालिकात हम्फ्री डेव्हीने एक टिपण लिहिलं. त्याचा मित्र थॉमस वेजवुड याने सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर आणि पांढऱ्या चामड्यावर झाडाची पानं, कीटकांचे पंख, काचेवर रंगवलेली चित्रं यांच्या आकृत्या उतरवल्या होत्या. उजेड लागेल तिथे कागद काळा पडायचा, झाकलेला भाग पांढरा राहायचा. आकृती सुरेख यायची, पण त्या पांढऱ्या भागात चांदीचं संयुग तसंच शिल्लक असायचं आणि त्यालाही उजेड हवाच असायचा. त्यामुळे चित्र अंधाऱ्या खोलीत, मेणबत्तीच्या उजेडात बघावं लागे. दिवसाउजेडी बाहेर काढलं की सगळा कागद काळा व्हायचा. धुऊन झालं, वरून पातळ व्हार्निश लावून झालं. चित्र काही टिकलं नाही.

यावरचा उपाय जॉन हर्शेलकडे होता. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाले ज्याला हायपो म्हणतात ते, चांदीचे न विरघळणारे क्षार विरघळवतं हे त्याने १८१९ मध्येच नोंदवलं होतं. १८३९ मध्ये फोटोग्राफीच्या शोधाची बातमी आली तेव्हा त्याने लगेच ते वापरून दाखवलं. उजेडाने ज्याला स्पर्श केला नाही ते सगळं हायपोने विरघळवायचं, मग भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. चित्र पक्कं होतं ते या पायरीला. फोटोग्राफीचा पुढचा सगळा डोलारा याच एका क्रियेवर उभा आहे.

मी रसायनशास्त्र शिकवते आणि ही गोष्ट वर्गात दर वर्षी सांगते. म्हणूनच ज्या फिल्मला हायपो लागत नाही, पाणी लागत नाही, जिच्यातून काहीच धुऊन काढलेलं नसतं आणि तरीही जिच्यावरचं चित्र उजेडात टिकतं अशा फिल्मबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या विषयात अडकले ती अडकलेच. अमेरिकेत ती ‘ड्राय सिल्व्हर’ या नावाने ओळखली जाते. प्रमाणसंहितांमधलं तिचं भारदस्त नाव ‘थर्मली प्रोसेस्ड सिल्व्हर मायक्रोफिल्म’. उष्णतेने डेव्हलप होणारी ही फिल्म कॉम्प्युटरमधून निघणारा मजकूर थेट मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानं अगदी लहान करून साठवायच्या फिल्मवर, उतरवण्यासाठी वापरली गेली. आज तिची आठवण फार थोड्यांना आहे. मला मात्र वाटतं की ‘टिकणं’ म्हणजे काय हे समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

आधी तिची गरज का पडली ते सांगते. १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ कॉम्प्युटरबरोबर १४०३ नावाचा प्रिंटर आणला. मिनिटाला ६०० ओळी. त्या काळाच्या मानाने हा वेग थक्क करणारा होता, पण कॉम्प्युटर त्याहून पुष्कळ वेगवान होते आणि त्यांना प्रिंटरसाठी थांबून राहावं लागे. छापून निघालेल्या कागदाचं काय करायचं हा आणखी वेगळा प्रश्न. बँकेची खाती, विम्याचे हप्ते, टेलिफोनची बिलं, गोदामातला माल, सगळ्याच्या याद्या रोज नव्याने छापल्या जायच्या. आमच्या घरी वडील बँकेतून असे जुने कागद आणायचे. दोन्ही कडांना भोकं, एकाआड एक फिकट हिरवे पट्टे, घडीवर घडी जोडलेली. मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही भावंडांनी गणितं सोडवली. आम्हाला तो कागद म्हणजे श्रीमंती वाटायची. अमेरिकेतल्या मोठ्या विमा कंपन्यांना त्याच कागदाच्या थप्प्या ठेवायला जागा पुरेना.

तिथे कागदाला वळसा घालायची कल्पना पुढे आली. कॉम्प्युटरचा मजकूर कागदावर छापून मग त्याचा फोटो काढण्याऐवजी सरळ फिल्मवरच का लिहू नये? १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रॉम्बर्ग-कार्लसन कंपनीने एससी-४०२० नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या पोटात ‘कॅरॅक्ट्रॉन’ नावाची नळी होती. टीव्हीच्या जुन्या पिक्चर ट्यूबसारखी कॅथोड रे नळी, पण तिच्या आत एक छोटीशी धातूची चकती बसवलेली आणि त्या चकतीत अक्षरांच्या, आकड्यांच्या आकाराची अतिसूक्ष्म भोकं पाडलेली. इलेक्ट्रॉनांचा झोत आधी हव्या त्या अक्षराच्या भोकातून जायचा आणि त्याला त्या अक्षराचाच आकार यायचा. मग तो वळून पडद्यावर नेमक्या जागी आदळायचा. पडद्यावर ‘ए’ चमकला की समोरचा कॅमेरा तो टिपणार. पान पूर्ण झालं की फिल्म पुढे सरकणार. कॉन्व्हेअर कंपनीतल्या जोसेफ मॅकनॅनी या इंजिनिअरची ही कल्पना. इलेक्ट्रॉनांना साच्यातून काढून अक्षर पाडायचं, हे सुचणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत १९६३ च्या सुमारास एडवर्ड झायॅक यांनी याच जातीच्या यंत्रावर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची हालचाल चित्राचित्राने फिल्मवर उतरवली. कॉम्प्युटरने काढलेल्या पहिल्यावहिल्या चलच्चित्रांत तिची गणना होते.

व्यवसायात मात्र या यंत्रांचं काम साधं होतं: याद्या छापणं. १९७० च्या दशकात ‘कॉम’, म्हणजे कॉम्प्युटर आउटपुट मायक्रोफिल्म, हा स्वतंत्र धंदाच झाला. रात्री मॅग्नेटिक टेप यायची, सकाळपर्यंत तिची मायक्रोफिश तयार. मायक्रोफिश म्हणजे १०५ मिलिमीटर बाय १४८ मिलिमीटरचा फिल्मचा सपाट तुकडा. ४८ पट लहान केलेली पानं त्यावर १५ ओळी आणि १८ रकाने अशी बसत, म्हणजे एका तुकड्यावर २७० पानं. कॉम्प्युटरच्या पानावर ६४ ओळी आणि ओळीत १३२ अक्षरं धरली तर हाताच्या पंजाएवढ्या त्या तुकड्यात २२ लाखांहून अधिक अक्षरांची जागा होते. एकेक अक्षर जेमतेम केसाच्या जाडीचं. वरच्या पट्टीवर डोळ्यांनी वाचता येईल असं ठळक शीर्षक असायचं, म्हणजे हवी ती फिश खणातून चटकन काढता येई. मग ती रीडरच्या काचेखाली सरकवायची की पडद्यावर पान हजर. बँका, टेलिफोन कंपन्या, मोटारींच्या सुट्या भागांचे विक्रेते, मोठी ग्रंथालयं, सगळ्यांची टेबलं अशा रीडरांनी सजली.

आता अडचण कुठे होती? पाण्यात. साधी मायक्रोफिल्म म्हणजे जिलेटिनमध्ये बसवलेले सिल्व्हर हॅलाइडचे, म्हणजे उजेडाला हळव्या चांदीच्या क्षारांचे, कण. ती डेव्हलपरमधून, म्हणजे उजेडाने उमटलेलं अदृश्य चित्र दिसतं करणाऱ्या द्रावणातून, काढायची, हायपोत बुडवायची, धुवायची, वाळवायची. वाचकांना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं सोयीची वाटत, आणि नळीवर चमकणारं अक्षर साध्या फिल्मवर काळं येतं. म्हणून ते उलटवायला ब्लीच आणि दुसऱ्यांदा उजेड देण्याची पायरीही बरेच जण घालत. प्रत्येक द्रावणाचं तापमान सांभाळायचं, द्रावणं जुनी झाली की बदलायची, चांदी मिसळलेलं सांडपाणी नियमाप्रमाणे सोडायचं. आणि हे सगळं कुठे, तर धुळीचा कण आणि ओलाव्याचा थेंब चालत नाही अशा कॉम्प्युटर रूमच्या शेजारी. नळ, मोरी, ॲसिडचा वास आणि कोट्यवधींचं यंत्र यांचं जमणं कठीण होतं.

मिनेसोटातल्या सेंट पॉल इथल्या थ्री-एम कंपनीचे रसायनज्ञ याआधीपासूनच उष्णतेने डेव्हलप होणाऱ्या चांदीवर काम करत होते. १९६० च्या दशकात त्यांची या संदर्भातली महत्त्वाची पेटंटं आली. डेव्हिड मॉर्गन आणि बेंजामिन शेली यांच्या नावाचं १९६९ चं पेटंट त्यातलं मूळ मानलं जातं. त्यातली युक्ती मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा मागच्या बाकावरचीही मुलं मान वर करतात.

युक्ती अशी. फिल्मच्या एकाच थरात दोन प्रकारची चांदी ठेवायची. एक, सिल्व्हर ब्रोमाइडसारखी उजेडाला हळवी असलेली, पण अगदी थोडी. दुसरी, सिल्व्हर बेहेनेट. बेहेनिक आम्ल हे २२ कार्बनांची लांबलचक साखळी असलेलं मेदाम्ल, आपल्या शेवग्याच्या बियांच्या तेलात ते बऱ्यापैकी असतं आणि शेंगदाण्याच्या तेलातही थोडं असतं. त्याच्याशी बांधलेली चांदी उजेडाकडे फारसं लक्ष देत नाही. तिचा साठा मोठा. याच थरात चांदीला मूळ धातूत परत आणू शकणारं रिड्यूसिंग एजंट आधीच मिसळून ठेवायचं, रंग शुद्ध काळा यावा म्हणून एखादं टोनर घालायचं, आणि हे सगळं पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लॅस्टिकमध्ये बांधायचं. मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये असतं तेच हे प्लॅस्टिक.

डेव्हलपर फिल्मच्या आतच बसलेला आहे. मग फिल्म आपोआप काळी का होत नाही? कारण खोलीच्या तापमानाला ते प्लॅस्टिक घट्ट असतं, रेणूंना हलायला जागा नसते. प्रकाश किंवा इलेक्ट्रॉन पडतात तेव्हा सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणावर चांदीच्या काही मोजक्या अणूंचा पुंजका तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. फिल्म तापलेल्या रुळावरून नेली, साधारण १२० अंशांच्या पुढे, काही सेकंद, की प्लॅस्टिक सैल होतं, बेहेनेटमधली चांदी हलू लागते आणि जिथे तो अदृश्य पुंजका आहे तिथे येऊन धातू बनून बसते. पुंजका इथे उत्प्रेरकाचं काम करतो. जिथे पुंजका नाही तिथली अभिक्रिया इतकी मंद असते की तेवढ्या सेकंदांत काही घडत नाही. रुळावरून उतरून फिल्म थंड झाली की प्लॅस्टिक पुन्हा घट्ट. अक्षरं काळी, बाकीचं पारदर्शक, हात कोरडे.

थ्री-एमच्या इलेक्ट्रॉन बीम रेकॉर्डरमध्ये तर मधली नळी, पडदा, भिंग सगळंच गळालं. निर्वात पोकळीत फिल्म ठेवायची आणि इलेक्ट्रॉनांच्या झोताने सरळ तिच्यावरच लिहायचं. बाहेर आली की तापवायची, झालं. पुढे लेझरने लिहिणारी यंत्रंही आली. कॉम्प्युटर रूममध्ये फक्त विजेचं कनेक्शन लागायचं.

आणि आता खरी गोष्ट. या फिल्ममधून काहीही बाहेर गेलेलं नाही. पारदर्शक दिसणाऱ्या भागात सिल्व्हर ब्रोमाइड आहे, बेहेनेट आहे, रिड्यूसिंग एजंटही आहे. सगळं साहित्य तसंच, फक्त थांबलेलं. वेजवुडचा कागद होता त्याच अवस्थेत ही फिल्म आहे, फरक इतकाच की उजेडाला प्रतिसाद देणारा भाग मुद्दाम लहान ठेवलाय, नंतरच्या उजेडाने फिल्म काळवंडू नये म्हणून काही रसायनं घातली आहेत आणि बाकीच्यांना थंडीने जखडून ठेवलंय. वेग उष्णतेवर ठरतो, हे अर्‍हेनियसचं समीकरण बारावीतल्या मुलांनाही पाठ असतं. १२० अंशांना जे सेकंदांत होतं ते २० अंशांना शून्य होत नाही. फार फार हळू होतं, एवढंच.

ओल्या फिल्मच्या जगात जतनाचं काम करणारे लोक एकाच शत्रूच्या मागावर असतात: धुण्यातून राहून गेलेलं हायपो. ते किती उरलंय हे मोजायची ठरलेली रासायनिक चाचणी आहे, किती चालेल याची मर्यादा ठरलेली आहे, कारण उरलेलं हायपो पुढे चांदीवर हल्ला करून चित्र पिवळं पाडतं. तिथे ‘उरलेलं’ म्हणजे दोष. ड्राय सिल्व्हरमध्ये उरलेलं हाच फिल्मचा मोठा भाग. मला या दोन दृष्टींमधलं अंतर फार अर्थपूर्ण वाटतं. एक फिल्म म्हणते, जे कामाचं नाही ते काढून टाका, मग मी टिकेन. दुसरी म्हणते, सगळं राहू द्या, फक्त मला गार ठेवा.

धुतलेली फिल्मही काही निर्धोक नव्हती, हे इथेच सांगायला हवं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दफ्तरखान्यांत नीट धुतलेल्या, नीट ठेवलेल्या मायक्रोफिल्मवर बारीक तांबूस ठिपके सापडू लागले. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणि हवेतून येणाऱ्या ऑक्सिडीकारक वायूंनी चांदी खाल्ली होती. उष्णतेने डेव्हलप होणारी दुसरी एक फिल्म होती, न्यू ऑर्लिन्सच्या काल्व्हार कंपनीची. तिच्यात चांदीच नव्हती, प्लॅस्टिकमध्ये उठलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांनी चित्र तयार व्हायचं. तिच्या सुरुवातीच्या फिल्ममधून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटायचा आणि भोवतीची खोकी नासायची. चांगल्या हेतूने बनलेल्या प्रत्येक पदार्थाला आपापला आजार असतो.

काल्व्हारच्या जातीच्या फिल्मचा आणि ड्राय सिल्व्हरचा जवळचा संबंध होता. ड्राय सिल्व्हरवर अक्षर काळं येतं, ती बुडबुड्यांच्या फिल्मवर उतरवली की आपोआप उलटते आणि वाचकाला हवी तशी काळ्यावर पांढरी अक्षरं मिळतात. म्हणून मूळ प्रत ड्राय सिल्व्हरची आणि शाखांना पाठवायच्या प्रती बुडबुड्यांच्या किंवा डायझोच्या (चांदीऐवजी रंगद्रव्याने चित्र उमटणाऱ्या फिल्मच्या), अशी जोडी बसली. प्रत काढायला जोरदार अतिनील प्रकाश लागतो. प्रत्येक प्रतीमागे मूळ फिल्मला तो प्रकाश आणि दिव्याची ऊब सोसावी लागायची, आणि प्रत्येक वेळी तिची पार्श्वभूमी किंचित गडद व्हायची. जिच्या जास्त प्रती निघाल्या ती मूळ फिल्म लवकर म्हातारी झाली.

मग हिला किती आयुष्य द्यायचं? मायक्रोफिल्मच्या प्रमाणसंहितांमध्ये ‘एलई’ नावाचा आकडा असतो, लाइफ एक्स्पेक्टन्सी. पॉलिएस्टरवरच्या, नीट धुतलेल्या सिल्व्हर जिलेटिन फिल्मला तो ५००. थर्मली प्रोसेस्ड फिल्मसाठी आयएसओ १८९१९ हे वेगळं प्रमाण आहे आणि तिथे आकडा १००. शंभर वर्षंसुद्धा अशीच मिळत नाहीत, ठरलेल्या गारव्यात आणि कोरडेपणात ठेवली तर. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जने कायमस्वरूपी जपायच्या दस्तऐवजांसाठी ५०० वाली सिल्व्हर जिलेटिनच सक्तीची केली.

मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि ड्राय सिल्व्हर वापरणाऱ्यांचाही निर्णय योग्यच वाटतो. बँकेला कालची खाती सात-आठ वर्षं वाचता आली म्हणजे पुरे होतं. त्यासाठी ५०० वर्षांची फिल्म कशाला? अडचण येते ती पुढे, जेव्हा तात्पुरता म्हणून ठेवलेला कागद कुणालातरी मोलाचा वाटू लागतो. आपल्याकडे सरकारी अभिलेखाचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायमचा, ‘ड’ लवकरात लवकर नष्ट करायचा. वर्ग ठरवणारा कारकून त्या दिवशीच्या गरजेने ठरवतो, आणि दुसरं तो काय करणार? पण पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमध्ये बांधून ठेवलेल्या रोजकीर्दी बघा. आज अमक्याला इतके रुपये दिले, हत्तीच्या चाऱ्याला इतके, ब्राह्मणांना दक्षिणा इतकी. लिहिणाऱ्याच्या लेखी ते रोजचं जमाखर्चाचं काम होतं. आज अठराव्या शतकातली महागाई, मजुरी, स्त्रियांच्या नावावरची देणी शोधायची तर अभ्यासक मोठ्या खलित्यांपेक्षा त्या रोजकीर्दींकडेच वळतो. जुन्नरी कागद आणि काजळाची शाई यांनी ते काम अडीचशे वर्षं निभावलं.

१९७० च्या दशकातल्या अमेरिकेची रोजकीर्द ‘कॉम’च्या फिशवर आहे. कुणाकडे किती थकबाकी, कुठल्या गावच्या ग्रंथालयात कुठली पुस्तकं, कुठल्या गोदामात कुठला सुटा भाग. ज्या टेपांवरून ती छापली त्या टेपा वाचणारी यंत्रं भंगारात गेली. फिशला फक्त भिंग आणि उजेड लागतो. म्हणून ज्या पुढे टाकूनच द्यायच्या होत्या त्या फिश काही ठिकाणी एकमेव पुरावा म्हणून शिल्लक राहिल्या. त्यातल्या काही ड्राय सिल्व्हरच्या मूळ प्रती आहेत, साध्या स्टीलच्या कपाटात, साध्या खोलीत, आतल्या आत अतिशय सावकाश डेव्हलप होत असलेल्या. दफ्तरखान्यातल्या माणसाने त्या ओळखून बाजूला काढणं, धुतलेल्या फिल्मवर किंवा स्कॅनरवर उतरवून घेणं, हे काम निकडीचं आहे असं मला वाटतं.

धंदा म्हणून ‘कॉम’ १९९० च्या दशकात ऑप्टिकल डिस्कपुढे मागे पडलं. कॉम्प्युटरमधलं फिल्मवर उतरवायची कल्पना मात्र मेली नाही. २०२० च्या जुलैमध्ये प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने जगभरच्या प्रोग्रॅमरांचा खुला कोड १८६ रिळांवर उतरवून आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत ठेवला. २१ टेराबाइट. फिल्म पॉलिएस्टरची, चांदीची आणि अर्थात धुतलेली.

न धुतलेल्या फिल्मचं पुढे काय झालं? ती आपल्या घरात आली. हे कळलं तेव्हा मी हातातलं काम टाकून आईच्या कपाटाकडे गेले होते.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर थ्री-एमने हेच तंत्र एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या छपाईसाठी ‘ड्रायव्ह्यू’ या नावाने आणलं. इन्फ्रारेड लेझरने फिल्मवर लिहायचं, तापलेल्या ड्रमवरून साधारण १५ सेकंद न्यायचं. १९९६ मध्ये थ्री-एमने हा विभाग इमेशन या नव्या कंपनीत काढला, १९९८ मध्ये इमेशनकडून वैद्यकीय व्यवसाय कोडॅककडे गेला आणि २००७ मध्ये तिथून वेगळी होऊन केअरस्ट्रीम ही कंपनी झाली. इतकी नावं बदलली तरी मूळ रसायन तेच राहिलं. रुग्णालयांनी डार्करूम बंद केल्या, मोऱ्या बुजवल्या. आज सीटी किंवा एमआरआयनंतर मोठ्या पाकिटातून जी निळसर फिल्म मिळते ती बहुधा अशीच कोरडी असते. एका प्रकारात लेझर लिहितो आणि उष्णता डेव्हलप करते, दुसऱ्यात तापलेलं प्रिंटहेड थेट लिहितं. दोन्हींत बहुधा चांदीचा मेदाम्लाशी बांधलेला साठा फिल्ममध्येच उरलेला असतो. १९७० च्या दशकात अमेरिकन विमा कंपनीच्या याद्या जिच्यावर छापल्या गेल्या तिची ही थेट वारसदार, आपल्या गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली.

काही वर्षांपूर्वी शेजारचे काका एक फिल्म घेऊन आले. काकूंच्या मेंदूचा जुना स्कॅन. डॉक्टरांनी सांभाळून ठेवायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी ती झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून घेतली होती. दाखले, गुणपत्रिका आपण करतो तसंच. “ताई, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या. बघा बरं, हे काय झालं?” कवटीचं हाड पांढरं दिसायला हवं होतं, ते तपकिरी-काळं झालं होतं. आतले राखाडी फरक, ज्यासाठी स्कॅन काढला होता, ते सगळे एकात एक मिसळलेले. लॅमिनेशनच्या यंत्राचे रूळ शंभर अंशांच्या पुढे तापतात. इतकी वर्षं थांबून राहिलेल्या चांदीला पुन्हा तोच तापलेला रूळ भेटला आणि तिने अर्धवट सोडलेलं काम पुरं केलं. स्कॅन सेंटरकडे इतका जुना डेटा उरलेला नव्हता. काका बराच वेळ ती फिल्म हातात धरून बसले होते. जपण्यासाठीच तर त्यांनी ते केलं होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही फिल्म पक्की झालेली नाही, ती फक्त थंड आहे.

हे सांगणं कुणाचं काम होतं? माझ्या मते फिल्म हातात देणाऱ्याचं. पाकिटावर दोन ओळी मराठीत छापल्या तर पुरे.

तोवर मीच सांगते. सीटी-एमआरआयची फिल्म लॅमिनेट करू नका. विदर्भात, सोलापूरकडे, जिथे जिथे पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो तिथे ती माळ्यावर टाकू नका. गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात सोडू नका. इस्त्रीच्या टेबलाजवळ, गॅलरीत, फ्रिजच्या मागच्या बाजूला नको. कागदी पाकिटात घालून घरातल्या सगळ्यात गार भिंतीशी असलेल्या कपाटात ठेवा, आणि खिडकीला चिकटवून तासन्‌तास बघत बसू नका. बरोबर सीडी दिली असेल तर आजच तिच्यावरच्या फाइल्स दुसरीकडे उतरवून घ्या, कारण नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. फिल्मचे फोटोही काढून ठेवा: लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा, फिल्म त्याच्यापासून थोडी दूर धरा, फ्लॅश बंद ठेवा, आणि तारीख व रुग्णाचं नाव असलेला कोपरा फोटोत येऊ द्या. आईच्या सगळ्या फिल्मचे असे फोटो काढून मी भावाला पाठवलेत. मूळ फिल्म मात्र फेकलेल्या नाहीत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तुलनेसाठी त्याच लागणार आहेत.